फोनच्या डोळ्याला दिसते काय आणि सुटते काय

मागच्या हिवाळ्यात ओपीडीत साधारण पस्तिशीतला एक शेतकरी आला. दंडावर फिकट रंगाचा, रुपयाच्या नाण्याहून थोडा मोठा चट्टा. आठ महिने झाले होते. दुखत नव्हता, खाजत नव्हता, म्हणून त्याने मनावर घेतले नव्हते. पुतण्याने फोनमधल्या कुठल्याशा ॲपवर फोटो काढून पाहिला, तर उत्तर आले बुरशीचे, म्हणजे आपण ज्याला शिबं म्हणतो त्याचे. मेडिकलमधून मलम आणले, तीन-चार महिने चोळले. फरक पडेना. मग एकदा अंगणात उन्हात पुन्हा फोटो काढला, तेव्हा त्याच ॲपने कोड सांगितले. ‘कोड’ ऐकल्यावर घर घाबरले आणि त्या भीतीने तो माझ्यापर्यंत पोहोचला.

मी कापसाचे बारीक टोक काढले, त्याला डोळे मिटायला सांगितले. जिथे स्पर्श होईल तिथे बोट ठेवायचे, एवढेच. चट्ट्याबाहेर चारही वेळा त्याने बरोबर बोट ठेवले. चट्ट्यावर एकदाही नाही. मग कोपराजवळची नस चाचपून पाहिली. फिकट आणि बधिर चट्टा म्हणजे काय, हे आमच्याकडची इंटर्न मुलेही सांगतील: कुष्ठरोग. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते आणि वेळेवर सुरू झाले तर माणूस पूर्ण बरा होतो. उशीर झाला की नसा निकामी होतात, बोटे वाकतात आणि ते नुकसान गोळ्यांनी भरून येत नाही. त्याच्या आठ महिन्यांतले निम्मे तरी त्या पहिल्या फोटोच्या उत्तराने खाल्ले.

ॲप कोणते ते मी विचारले नाही. घरी आल्यावर माझ्या मनगटावरच्या जुन्या भाजल्याच्या डागाचे दोन फोटो काढून पाहिले, एक ट्यूबलाइटखाली आणि एक खिडकीशी. दोन फोटो, दोन आजार. डाग एकच आणि तो पंचवीस वर्षांपूर्वी कुकरने दिलेला.

एक डॉक्टर आणि एक रुग्ण यावरून काही सिद्ध होत नाही, हे मला कळते. म्हणून या क्षेत्रातल्या सगळ्यात मोठ्या खेळाडूची, गूगलची, जी माहिती उघडपणे छापून आली आहे ती वाचायला घेतली. गूगलच का? आपल्याकडच्या बहुतेक फोनांत अँड्रॉइड आहे; फोटो साठवणारे, फोटोवरून शोधणारे आणि आता एक्स-रे वाचू पाहणारे त्यांचे प्रोग्रॅम कोट्यवधी लोकांपर्यंत पोहोचतात किंवा पोहोचू पाहतात. दुसरे असे की, या कंपनीच्या संशोधकांनी स्वतःचे काही अपयश स्वतःच छापले आहे. असे करणाऱ्या कंपन्या फार नाहीत.

सुरुवात २०१५ ची. गूगल फोटोज नुकतेच आले होते. फोटोतल्या वस्तू ओळखून ते आपोआप गट पाडत असे. अमेरिकेतल्या एका कृष्णवर्णीय प्रोग्रॅमरला दिसले की त्याच्या आणि त्याच्या मैत्रिणीच्या फोटोंना ‘गोरिला’ असे नाव दिले गेले आहे. कंपनीने माफी मागितली, दुरुस्ती करू म्हटले. दुरुस्ती काय झाली ते २०१८ मध्ये ‘वायर्ड’ने तपासले: गोरिला, चिंपांझी, माकड हे शब्दच यादीतून काढून टाकले होते. खऱ्या गोरिलाचा फोटो दाखवला तरी प्रोग्रॅम गप्प. २०२३ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने पुन्हा पाहिले, तेव्हाही गोरिला शोधून सापडत नव्हता. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, ही म्हण आपल्याकडे उगाच नाही. चुकणारा डोळा तसाच ठेवून त्याच्या तोंडातला शब्द काढून घेतला.

२०२० च्या एप्रिलमध्ये, कोविडच्या पहिल्या लाटेत, बर्लिनच्या ‘अल्गोरिदमवॉच’ या संस्थेने गूगलच्या क्लाउड व्हिजन सेवेला हातात धरलेल्या थर्मामीटरचे फोटो दाखवले. तेच पिस्तुलासारखे यंत्र, जे त्या काळात प्रत्येक दारावर आपल्या कपाळाशी धरले जात होते. गोऱ्या हातातल्या यंत्राला उत्तर आले ‘इलेक्ट्रॉनिक उपकरण’. काळ्या हातातल्या यंत्राला ‘बंदूक’. मग त्याच काळ्या हाताच्या फोटोवर हातापुरता गुलाबीसर रंग चढवला, तर बंदुकीची दुर्बीण झाली. कंपनीने याही वेळी माफी मागितली आणि ‘बंदूक’ म्हणण्याची पट्टी वाढवली. मला यात वंशभेदापेक्षाही दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. यंत्र बदलले नव्हते, पकड बदलली नव्हती, फक्त कातडीचा रंग बदलला आणि कातडीशी काही संबंध नसलेल्या वस्तूचे नाव बदलले. कातडीचाच आजार विचारला तर काय होईल?

तेही विचारून झाले आहे. मे २०२१ मध्ये गूगलने त्वचेचे आजार फोटोवरून सुचवणारे ‘डर्मअसिस्ट’ जाहीर केले. २८८ प्रकारचे विकार ओळखता येतात, असे सांगितले. त्यामागच्या संशोधनातली त्वचा कुणाची होती, हे पाहिले तर फोटो अमेरिकेतल्या दोन राज्यांमधल्या रुग्णांचे आणि सर्वांत गडद अशा दोन वर्गांतले रुग्ण फक्त ३.५ टक्के. त्वचेचे हे वर्ग फिट्झपॅट्रिक या अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञाच्या नावाने ओळखले जातात, एकूण सहा. आपल्याकडे शेतात राबणारा माणूस साधारण चौथ्या-पाचव्या वर्गात येतो. सहापैकी पाचवा आणि सहावा मिळून १०० रुग्णांत साडेतीन.

इथे आम्ही डॉक्टरांनीही फार नाक वर करू नये. माझ्या विद्यार्थिदशेतल्या त्वचारोगाच्या पुस्तकातले बहुतेक फोटो गोऱ्या लोकांचे होते. ‘लालसर पुरळ’ असे पाठ करून आम्ही वॉर्डात जायचो आणि सावळ्या कातडीवर ते लाल काही सापडायचे नाही. ते जांभळट किंवा नुसते काळपट दिसते, हे सिस्टरांनी शिकवले. फरक इतकाच की आम्हाला नंतर तीस वर्षे रोज शंभर सावळे रुग्ण दिसले.

जून २०२३ पासून गूगल लेन्समध्ये कातडीवरच्या पुरळाचा किंवा तिळाचा फोटो दाखवून शोधता येते. लेन्स तशाच दिसणाऱ्या चित्रांची माळ समोर ठेवते. कंपनी स्पष्ट म्हणते की हे माहितीपुरते आहे, निदान नव्हे. पण चित्रे जुळवणे म्हणजे इंटरनेटवर ज्याचे फोटो आहेत ते जुळवणे. तुम्ही कुष्ठरोग असा शब्द टाकून चित्रे शोधून पाहा. मी पाहिली. वाकलेली बोटे, झडलेली बोटे, बसलेले नाक. हे सगळे उशीर झाल्यानंतरचे. दंडावरचा न दुखणारा, फिकट, कुणाला दाखवण्यासारखा न वाटणारा चट्टा, ज्या वेळी माणूस पूर्ण वाचवता येतो, तो तिथे क्वचितच आहे. आणि तो असता तरी फोटोतून बधिरपणा कसा दिसणार?

आता या कंपनीच्या बाजूने जमा असलेले एक मोठे काम सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय हा लेख एकतर्फी होईल. मधुमेहामुळे डोळ्याच्या दृष्टिपटलाला इजा होते आणि अखेरपर्यंत रुग्णाला काही जाणवत नाही. आयसीएमआरच्या २०२३ मधल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. त्या सगळ्यांचे डोळे दरवर्षी तपासायला नेत्रतज्ज्ञ कुठून आणायचे? गूगलच्या गटाने २०१६ मध्ये ‘जामा’ या नियतकालिकात दाखवले की दृष्टिपटलाच्या सव्वा लाखाहून अधिक फोटोंवर शिकवलेला प्रोग्रॅम ही इजा तज्ज्ञांच्या तोडीने ओळखतो. त्यातले बरेच फोटो आपल्याच देशातल्या अरविंद, शंकर नेत्रालय आणि नारायण नेत्रालय या रुग्णालयांतून गेले होते. काम चोख होते.

मग तो प्रोग्रॅम थायलंडमधल्या ११ दवाखान्यांत गेला, पथुम थानी आणि चियांग माय या प्रांतांत. तिथे आधी नर्स फोटो काढायची, तो लांबच्या तज्ज्ञाकडे जायचा आणि उत्तर यायला कधी कधी दहा आठवडे लागायचे. आता काही क्षणांत येणार होते. गूगलच्याच संशोधकांनी तिथे बसून काय घडते ते टिपले आणि २०२० मध्ये छापले. पहिल्या सहा महिन्यांत १,८३८ फोटो दाखवले गेले; त्यातले ३९३, म्हणजे २१ टक्के, प्रोग्रॅमने ‘दर्जा पुरेसा नाही’ म्हणून वाचलेच नाहीत. बाहुली मोठी होऊन फोटो स्वच्छ यावा, तर खोलीत अंधार लागतो. पूर्ण अंधार करता येईल अशी स्वतंत्र खोली दोनच दवाखान्यांत होती. इंटरनेट मंद. एका दवाखान्यात ते दोन तास बंद पडले आणि त्या दिवशी २०० ऐवजी १०० रुग्णांचीच तपासणी झाली. ज्यांचा फोटो नाकारला त्यांना दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावी नेत्रतज्ज्ञाकडे जायला सांगावे लागे. एखाद्या फोटोत नर्सला स्वतःच्या डोळ्यांनी बरेच काही दिसत असे, तरी.

खराब फोटोवर अंदाज न ठोकता ‘वाचता येत नाही’ म्हणणे, हे वैद्यकीयदृष्ट्या बरोबरच. मी तरी तेच पसंत करीन. पण त्या बरोबर वागण्याची किंमत कोण देतो ते पाहा. कंपनीच्या अहवालात ती २१ टक्क्यांची ओळ आहे. दवाखान्यात ती म्हातारी बाई आहे, जी एसटी पकडून आली होती, मजुरी बुडवून आली होती आणि जिला आता जिल्ह्याला जा म्हणून चिठ्ठी मिळाली आहे. थायलंडऐवजी आपले कुठलेही ग्रामीण रुग्णालय डोळ्यांपुढे आणा. कॅमेरा जिथे ठेवला आहे त्याच खोलीत बीपी घेतात, नोंदणी चालते आणि पडद्याच्या जागी चादर असते. पुढे २०२२ मध्ये थायलंडमध्येच साडेसात हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या अभ्यासात या प्रोग्रॅमची अचूकता ९४.७ टक्के भरली, हेही नोंदवायला हवे. म्हणजे खोली, दिवा, इंटरनेट आणि माणसे नीट लावली तर साधन चालते. २०२४ मध्ये कंपनीने भारत आणि थायलंडमधल्या भागीदारांबरोबर दहा वर्षांत ६० लाख तपासण्यांचे उद्दिष्ट जाहीर केले. त्यात अंधारी खोली कुणी बांधायची, हा प्रश्न मला सॉफ्टवेअरइतकाच मोठा वाटतो.

आता सगळ्यात ताजे प्रकरण. नव्या पिढीचे प्रोग्रॅम फोटो पाहून नुसते नाव सांगत नाहीत, अहवाल लिहितात. २०२४ मध्ये गूगलने ‘मेड-जेमिनी’ची ओळख करून दिली. नमुन्यादाखल दिलेल्या मेंदूच्या सीटीच्या अहवालात ‘बेसिलर गँग्लिया’मध्ये जुना इन्फार्क्ट, म्हणजे रक्तपुरवठा तुटल्याची खूण, असे लिहिले होते. असा अवयवच नसतो. ‘बेसल गँग्लिया’ हा मेंदूच्या खोल भागातला पेशीसमूह आणि ‘बेसिलर’ ही मेंदूच्या मागच्या भागाला रक्त पुरवणारी धमनी. दोन्हींचा खिचडा झाला. एका अक्षराचा फरक म्हणून हसण्यावारी नेऊ नका. त्या धमनीतला अडथळा आणि त्या पेशीसमूहातला जुना व्रण यांवर आम्ही वेगवेगळ्या घाईने धावतो. एका अमेरिकी न्यूरॉलॉजिस्टने ही चूक दाखवून दिल्यावर कंपनीने आपल्या पानावरचा शब्द बदलला. कसलीही सूचना न देता. ऑगस्ट २०२५ मध्ये ‘द व्हर्ज’ने ते छापले. जुना शब्द परतही आला आणि सोबत खुलासा आला की डिक्टेशन उतरवताना होणारी ही नेहमीची चूक प्रोग्रॅम शिकवणीच्या मजकुरातून शिकला.

खुलासा पटण्याजोगा आहे. न सांगता बदलणे मात्र मला खटकते, आणि खटकते ते सरकारी डॉक्टर म्हणून. केसपेपरवर चूक झाली तर आम्हाला ती गिरवून काळी करता येत नाही, व्हाइटनर लावता येत नाही. एक रेघ मारायची, खालचे वाचता आले पाहिजे, बाजूला बरोबर लिहायचे, सही करायची, तारीख-वेळ टाकायची. एमएलसी असेल तर कोर्टात तीच रेघ दाखवावी लागते. इंटर्नशिपच्या पहिल्या आठवड्यात हे शिकवतात.

त्याच बातमीत ‘मेडजेम्मा’ या गूगलच्या दुसऱ्या प्रोग्रॅमची एक चाचणी होती. एमोरी विद्यापीठातल्या एका रेडिओलॉजिस्टने एकच एक्स-रे दोनदा दाखवला. पहिल्यांदा रुग्णाचे वय, लिंग वगैरे सांगून विचारले, तेव्हा दोष सापडला. दुसऱ्यांदा नुसते ‘यात काय दिसते?’ विचारले, तेव्हा सगळे ठीक असल्याचे उत्तर आले. दुसऱ्या एका फिल्ममध्ये श्वासपटलाखाली हवा साठलेली होती. आतडे फुटल्यावर असे दिसते आणि रुग्णाला ताबडतोब टेबलावर घ्यावे लागते. पहिल्यांदा प्रोग्रॅमने बरोबर ओळखले. प्रश्न जरा वेगळ्या शब्दांत मांडला तर भलतीच निदाने सुचवली. कंपनी म्हणते, हे साधन पडताळणीशिवाय थेट रुग्णांवर वापरण्यासाठी नाही. मान्य. पण रात्री दोन वाजता, रेडिओलॉजिस्ट शहरात आणि ड्युटीवर एकटा बाँडवरचा डॉक्टर असताना तो प्रश्न कसा टाइप करील? अर्थातच तुटक. ‘यात काय दिसते?’ असाच.

चुकण्याबद्दल माझी तक्रार नाही. मीही चुकते, आणि माझ्या चुका अपघात विभागातल्या लोकांना पाठ आहेत. सवयीने चुकणाऱ्या माणसाला सांभाळून घेता येते: अमुक सर बरगडीची भेग सोडतात, म्हणून त्यांची फिल्म आपण परत पाहायची. खिडकी बदलली, कातडी बदलली, वाक्य बदलले की ज्याचे उत्तर बदलते, त्याच्यावर नजर नेमकी कुठे ठेवायची? आणि जे उत्तर आले ते ठामपणे येते. पडद्यावर चाचरणे दिसत नाही.

एक गोष्ट आईवडिलांसाठी. फेब्रुवारी २०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका वडिलांनी आपल्या लहानग्याच्या सुजलेल्या गुप्तांगाचे फोटो, नर्सने मागितले म्हणून, डॉक्टरांना पाठवण्यासाठी काढले. फोन अँड्रॉइड, फोटो आपोआप क्लाउडवर गेले. मुलाला प्रतिजैविके मिळाली, तो बरा झाला. दोन दिवसांत वडिलांचे खाते बंद झाले: बालकांच्या लैंगिक शोषणाचे चित्र शोधणाऱ्या यंत्रणेने ते फोटो पकडले होते. ईमेल, फोन नंबर, मुलाच्या जन्मापासूनचे फोटो, सगळे गेले. पोलिसांनी चौकशी करून गुन्हा नसल्याचे सांगितले, तरी खाते परत मिळाले नाही, असे ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने २०२२ मध्ये लिहिले. अशी यंत्रणा हवीच. ती खरे गुन्हेगार पकडते. पण शेजारच्या खोलीत तीच कंपनी कातडीचा फोटो दाखवा म्हणते, तेव्हा तिच्या एका डोळ्याला दुसऱ्या डोळ्याचे ठाऊक नसते. आपल्याकडे आया मला असे फोटो व्हॉट्सॲपवर सर्रास पाठवतात. तेव्हा सांगते: गुप्तांगाचा फोटो शक्यतो काढूच नका, बाळाला घेऊन या. पाठवावाच लागला तर फोनचे आपोआप बॅकअप आधी बंद करा आणि काम झाल्यावर पुसून टाका.

इतर फोटोंबद्दल: दिवसाच्या उजेडात, फ्लॅशशिवाय, एक जवळून आणि एक लांबून, बाजूला नाणे ठेवून काढा आणि डॉक्टरांना पाठवा. ई-संजीवनीवर सरकारी डॉक्टरांना घरबसल्या दाखवता येते. आपल्या देशाच्या २०२० च्या टेलिमेडिसिन नियमावलीत हे स्पष्ट आहे की कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रणेने रुग्णाला परस्पर सल्ला द्यायचा नाही आणि औषध लिहायचे नाही; ती डॉक्टरला मदत करू शकते. फोटोवरून ॲपने सांगितलेले मलम आणण्यापूर्वी एवढे आठवले तरी पुरे. आणि जो डाग दुखत नाही, खाजत नाही, त्यावर टाचणीची बोथट बाजू किंवा कापूस फिरवून पाहा. स्पर्श कळला नाही तर त्याच आठवड्यात दवाखान्यात या.

उद्या आमच्या जिल्ह्यासाठी असे एखादे साधन घ्यायचे ठरले आणि मला कुणी विचारले, तर मी किंमत नंतर विचारीन. आधी विचारीन की ते कुणाच्या कातडीवर आणि कुठल्या खोलीत तपासले, किती फोटो नाकारते, नाकारलेल्या रुग्णाच्या बसभाड्याचे काय, आणि अहवाल चुकला तर खाली सही कुणाची.

त्या शेतकऱ्याचा सहा महिन्यांचा कोर्स पावसाळ्यात पूर्ण झाला. घरातल्या सगळ्यांना बोलावून तपासले. पुतण्यासह कुणालाही काही नव्हते. दंडावरचा चट्टा अजून पुसट दिसतो. शेवटच्या भेटीत पुन्हा डोळे मिटायला लावून कापूस टेकवला. चारपैकी तीन वेळा त्याने बरोबर जागी बोट ठेवले.